पट्टीतली पहिली गोळी

आईच्या हृदयात एक धातूची झडप आहे. खोलीत शांतता असली की तिचा आवाज ऐकू येतो, स्वस्त मनगटी घड्याळासारखा, आणि आई त्याला "माझं मीटर" म्हणते. या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून तिला रोज एक गोळी घ्यावी लागते, जन्मभर. गोळी कमी पडली तर गुठळी होते आणि मेंदूकडे जाऊ शकते. जास्त झाली तर साध्या ठेचेनेही आतल्या आत रक्त वाहत राहतं. दोन्हींच्या मधली वाट अरुंद आहे आणि ती एका आकड्यात मोजता येते. आईचा आकडा अडीच आणि साडेतीनच्या मध्ये राहायला हवा. असले आकडे काढणं हेच माझं काम. मी रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करते आणि आईच्या रक्ताची नळी दर महिन्याच्या सुरुवातीला माझ्याच टेबलावर येते.

लागोपाठ तीन महिने तो आकडा दीडच्या आसपास आला.

पहिल्या महिन्यात मी यंत्रावर संशय घेतला. ज्याचं उत्तर आधीच माहीत असतं असा नमुना आम्ही रोज लावून पाहतो. तो बरोबर निघाला. दुसऱ्या महिन्यात मी पालेभाज्यांवर संशय घेतला, कारण त्या या गोळीचा परिणाम कमी करतात. मी दादाच्या घरी फोन केला. आई त्याच्याकडेच राहते. वहिनी म्हणाल्या, "ताई, पालेभाजी केली तर तुमचा दादा ताट पुढे सरकवतो. आमच्याकडे हिरवं काही असलं तर तो फक्त पडदा." तिसऱ्या महिन्यात हृदयाच्या डॉक्टरांनी डोस वाढवायचं ठरवलं. मी त्यांच्याकडून थोडी मुदत मागून घेतली आणि महिन्याच्या मध्यावर, काही न बोलता, आईचं रक्त काढून आणलं.

आकडा तीन आला. हवा तसा.

म्हणजे रक्त महिन्याच्या मध्यावर नीट होतं आणि महिना संपता संपता घसरत होतं. शरीराला महिना कळत नाही. महिना कळतो तो पगाराला, घरभाड्याला आणि औषधाच्या पट्ट्यांना. शिवाय मध्यावर जो आकडा ठीक होता, तो डोस वाढवल्यावर वर उडाला असता. डॉक्टरांनी आईला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकललं असतं, आणि तेही माझ्याच आकड्यांच्या आधाराने.

त्या रविवारी मी दादाकडे जेवायला गेले.

आमच्या घरात तीन प्रकारचे ख्रिस्ती आहेत आणि एक मी. आई जुन्या मंडळीतली, जिथे दगडी भिंती आणि करकरणारे बाक आहेत. मावशी लग्नानंतर कॅथलिक झाली, मिसेला जायला लागली. दादा आणि वहिनी काही वर्षांपासून नव्या मंडळीत जातात. ती फर्निचरच्या दुकानाच्या वर, एका हॉलमध्ये भरते, आणि गुडघे कुरकुरतात तरी आईलाही आता तिथेच नेतात, कारण गाडी एक आहे. रविवारी सगळे आपापल्या देवाकडून परत आले की दादाच्या टेबलाशी जमतात आणि कोणी किती दिलं यावर बोलतात.

"कर कापण्याआधीच्या पगारावर," दादा सांगत होता. "दशमांश म्हणजे आधीच्या पगाराचा. देव काय सरकारच्या मागे रांगेत उभा राहील?"

"पण जे हातातच येत नाही, ते द्यायचं कशातून?" मावशीने विचारलं.

"विश्वासातून."

"बायकोच्या डब्यातून म्हण."

वहिनींनी पाण्याचा जग ठेवता ठेवता मान हलवली. होकार की नकार ते कळलं नाही.

"तुमचं बरं आहे, मावशी," दादा म्हणाला. "ताटली आली की चिल्लर टाकायची, खिसा हलका, मन हलकं."

"आमचे फादर म्हणतात, ऐपतीप्रमाणे द्या."

"आणि ऐपत कोण ठरवणार?"

"मी. मी मला चांगली ओळखते, म्हणून फार खोलात विचारत नाही."

दादाने मग फ्रिजचं सांगितलं. नव्या फ्रिजवर त्यांना सूट मिळाली होती. सूट म्हणजे वाचलेले पैसे, वाचलेले पैसे म्हणजे मिळकत, म्हणून त्याने त्याचाही दहावा भाग दिला होता. हे सांगताना त्याचा चेहरा मुलाची गुणपत्रिका दाखवणाऱ्या बापासारखा झाला होता.

"अरे, मग फ्रिज घेतलाच नसतास तर केवढी मिळकत झाली असती," मावशी म्हणाली. "आणि तुझा पगार कापला होता ना मध्ये? कापलेल्याचा दहावा भाग परत मागितलास की नाही?"

"मावशी, थट्टा नको."

"थट्टा कुठे, हिशेब करतेय. माझी शेजारीण शनिवारवाली आहे, शनिवारी उपासना करणाऱ्यांतली. ती तर म्हणते, दशमांश देवाचाच असतो, तो नुसता परत करायचा. आपलं दान त्याच्या पुढे सुरू होतं. ती दशमांश देते आणि वर अर्पण वेगळं देते."

दादाने एका धंद्यातल्या माणसाने दुसऱ्याबद्दल बोलावं तशा आदराने मान डोलावली. "शिकवण पक्की आहे त्यांची. वार तेवढा चुकलाय."

आईने आपलं ताट बाजूला सारलं. ती म्हणाली, "आमच्याकडे पिशवी फिरायची. मखमली, लांब दांड्याची. हात आत घालायचा, मूठ उघडायची. आत काय पडलं ते पिशवीलाच ठाऊक. तुझे वडील एकदा सदऱ्याचं बटण टाकून आले होते."

"देवाने ते बटण पाहिलं असेल, आई," दादा म्हणाला.

"पाहिलं ना. सदरा मला शिवायला लावला त्याने."

मी आईच्या गोळ्या आणायच्या निमित्ताने उठले. तिच्या खोलीत खिडकीत एक कागदी पिशवी असते, औषधाच्या दुकानातली, वर आईच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली. आत पट्ट्या होत्या. एक अर्धी संपलेली होती आणि एक अजून सुरूही झाली नव्हती. न सुरू झालेल्या पट्टीचा वरचा कोपरा मात्र कात्रीने कापलेला होता. कापलेली कडा सरळ होती आणि कोपऱ्याबरोबर एक गोळी गेली होती.

मी पट्टी टेबलावर आणून ठेवली. "वहिनी, यातली पहिली गोळी कुठे गेली?"

"ती देवाची," वहिनी म्हणाल्या. साडी इस्त्रीला दिलीय, असं सांगावं तशा सुरात.

मग त्यांनी समजावून सांगितलं. नव्या मंडळीच्या पाळकसाहेबांनी वर्षाच्या सुरुवातीला शिकवलं होतं की घरात जे जे येतं त्याचा दहावा भाग देवाचा, आणि औषधही घरात येतंच. हॉलमध्ये एक बरणी ठेवली आहे. प्रत्येकाने पट्टी आणली की पहिली गोळी कापून त्यात टाकायची. ती गरजूंना मिळते. वहिनी आपल्या थायरॉइडच्या गोळीतून देतात, दादा पित्ताच्या.

"तुम्हीच बघा ना, ताई, पट्टीत दहाच गोळ्या का असतात?"

"का असतात?"

"पाळकसाहेब म्हणतात, त्यात संकेत आहे."

माझ्या पर्समधल्या पट्टीत पंधरा होत्या. ती बहुधा विश्वास नसलेल्या लोकांसाठी काढत असावेत.

"दादा महिन्याला तीस गोळ्या आणतो," मी म्हणाले. "तीन बरणीत गेल्या. मग महिन्याच्या शेवटी आई काय घेते?"

वहिनींनी आईकडे पाहिलं, दादाने ताटाकडे.

"उपास करते," आई म्हणाली. "गोळीचा."

"मला कोणी सांगितलं नाही," दादा म्हणाला, आणि लगेच सावरून, "पण भरून काढलेलं दान हे दान नसतं, असं पाळकसाहेबांनी स्पष्ट सांगितलंय. आपण पोकळी ठेवायची, ती देव भरतो."

"देवाने भरलेली नाही. मी मोजलंय. आकडा दीडवर आलाय. गुठळी झाली तर आईचं तोंड वाकडं होईल, किंवा एक बाजू जाईल, किंवा सगळंच जाईल."

"तुला नेहमी वाईटच बोलायचं असतं."

"मी आकडा बोलले."

मी आईला सांगितलं की राहिलेल्या गोळ्या मी आणून देते. ती नाही म्हणाली. "तू आणलेल्या घेतल्या तर दिलं कोणी? तू दिलंस. मी काय दिलं?" आणि तिने ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली, कापलेली बाजू वर करून पिशवीत ठेवली आणि पिशवीचं तोंड दुमडलं. आईने एकदा तोंड दुमडलं की ते उघडत नाही, पिशवीचं काय आणि तिचं काय.

दुसऱ्या दिवशी कामावरून मी परस्पर त्या हॉलमध्ये गेले.

पाळकसाहेब एकटेच होते, ध्वनिवर्धकाच्या वायरी गुंडाळत होते. पूर्वी ते घरोघरी पाण्याचे फिल्टर विकायचे. कोणाच्या घरात काय येतं याची आपुलकीने चौकशी करायची सवय त्यांना तिथेच लागली असावी. माणूस गोड होता. लबाड असता तर मला सोपं गेलं असतं.

हॉलमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि सगळ्यात पुढे एक रांग लाल गाद्यांच्या खुर्च्यांची, खालच्या दुकानातून आणलेल्या. दादा त्या रांगेत बसतो हे मला माहीत होतं. ठरावीक रकमेच्या वर दशमांश गेला की माणूस प्लॅस्टिकवरून गादीवर येतो. क्रूसाखाली एका तिवईवर बरणी होती, दुकानात बिस्किटांसाठी असते तशी काचेची. वर "आरोग्याची बरणी" असं लिहिलेलं.

मी झाकण उघडलं. आत चांदीच्या कागदाचे चौकोन होते, शेकड्याने, प्रत्येकात एक गोळी. नावं पट्टीवर राहिलेली आणि मुदतीची तारीखही पट्टीवरच राहिलेली. एखाद्या तुकड्यावर नावाची दोन अक्षरं आली होती, तेवढीच. काही मला रंगाआकारावरून ओळखता आल्या. साखरेच्या होत्या, रक्तदाबाच्या होत्या, झोपेच्या होत्या. फिट येऊ नये म्हणून घेतात त्या होत्या. एक गर्भनिरोधक होती. तिचा दहावा भाग दिल्यावर देव काय परत करतो, ते त्या बाईला यथावकाश कळेल.

"या कोणाला देता?" मी विचारलं.

"जो मागेल त्याला, भगिनी. प्रार्थना करून हात घालतो."

"आणि डोकं दुखतं म्हणून आलेल्याला माझ्या आईची गोळी मिळाली तर?"

"आजवर असं झालेलं नाही."

"कशावरून?"

"कोणी तक्रार घेऊन आलं नाही."

आमच्याकडे एखादा रोगी परत आला नाही, तर तो बरा झाला असं आम्ही लिहीत नाही. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. मी त्यांच्याच शास्त्रातून बोलून पाहिलं. दशमांश धान्याचा होता, मी म्हणाले, गुराढोरांचा होता. जे वाढलं त्यातला. औषध म्हणजे काही वाढलेलं नसतं. जे कमी पडलंय त्याची ती भरपाई असते.

"शास्त्रात पुदिन्याचाही दशमांश आहे, भगिनी," ते हसून म्हणाले. "पुदिना म्हणजे औषधच की."

"पुदिना मोजणाऱ्यांना तिथे येशूच्या शिव्या पडल्यात."

"पडल्यात ना. पण देऊ नका असं नाही म्हटलेलं. तेही करा आणि बाकीचंही करा, असा त्याचा अर्थ."

नंतर घरी जाऊन मी पाहिलं. या एका मुद्द्यावर त्यांचं बरोबर होतं. पुदिन्याने कोणाचं रक्त गोठत नाही, एवढं सोडून.

निघताना ते म्हणाले, "मी कोणाकडे कधी काही मागितलेलं नाही. मी बरणी ठेवली फक्त. आणि तुमच्या आईंना तर मी स्वतः म्हटलं होतं, आजी, तुम्ही नका टाकू, तुमचं सगळं दादांच्या दशमांशात येतंच. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसराच विषय काढला."

जिना उतरताना मी त्या वाक्याचाच विचार करत होते. तुमचं सगळं दादांच्या दशमांशात येतं. हे ऐकल्यावर आईने पाळकांकडे तसं का पाहावं?

मी सरळ तिच्याकडे गेले. दादा अजून आला नव्हता. आई पलंगावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काम केलं. अजूनही दोन घड्या एकमेकींवर ठेवताना जोडणी केल्यासारखी बोटाने दाबते.

"तुझं सगळं दादाच्या दशमांशात येतं म्हणजे काय गं?"

"माझी पेन्शन," आई म्हणाली. "ती तोच काढून आणतो. त्याचा पगार, सूनबाईचे शिकवण्यांचे पैसे, माझी पेन्शन, सगळं एकत्र करायचं, दहावा भाग काढायचा, पाकिटात घालायचा. पाकिटावर त्याचं नाव."

"तू विचारलं नाहीस?"

"काय विचारू? घरातच राहते, घरातच जेवते. महिन्याच्या पहिल्या रविवारी नावं वाचतात. याचं नाव आलं की हा असा मान खाली घालतो, जसं काही त्याला लाजच वाटते." तिने दादाची मान करून दाखवली. हुबेहूब. "तीस वर्षं मी लोकांची बोलणी जोडून दिली. लग्नं जमवली, मयती कळवल्या. माझं नाव कोणी विचारलं नाही, नुसतं ऑपरेटर. ठीक आहे, तो कामाचा भाग होता. पण आता मला सांग, या घरात माझ्या नावाने काय येतं? विजेचं बिल त्याच्या नावाने. गॅस हिच्या नावाने. पत्रं लिहिणारे सगळे वर गेले. ही एक पिशवी येते दुकानातून. वर चिठ्ठी असते, माझं नाव असतं, पूर्ण, टाइप केलेलं. मग मी त्यातलं दिलं."

झडपेचा आवाज येत होता.

"तू येतेस आणि आकडे सांगतेस," आई म्हणाली. "तुझे आकडे बरोबर असतील. पण द्यायचं तर आधी काहीतरी आपलं असावं लागतं, की नाही?"

तिच्या अडचणीवर उपाय होता, आणि तो काही अवघड नव्हता. मी तो तिला सांगितला आणि तिने मान डोलावली. मी दादाची वाट पाहत बसले.

तो आला, बूट काढले, मला पाहून म्हणाला, "परत आकडा?"

"नाही. आईची पेन्शन तिच्या हातात दे."

"का? तिला काय कमी आहे इथे?"

"काही कमी नाही. तिचा दशमांश ती वेगळा देईल, तिच्या नावाच्या पाकिटात. मग ती गोळ्या कापणार नाही. मी विचारलंय तिला."

दादा खुर्चीत बसला. मला वाटलं होतं तो आईच्या खोलीकडे बघेल, पण तो छताकडे बघत होता, आणि त्याचे ओठ किंचित हलत होते. तो प्रार्थना करत नव्हता. माझा भाऊ लहानपणापासून बेरीज ओठांनी करतो. पेन्शन वजा केली तर त्याचं पाकीट कुठे येतं ते तो पाहत होता, आणि ते लाल गादीच्या खाली येत होतं.

"एका घरातून दोन पाकिटं," तो शेवटी म्हणाला. "बरं दिसत नाही."

"कोणाला?"

"म्हणजे घरात फूट पडल्यासारखं वाटतं. आणि मंडळीलाही नोंद ठेवायला त्रास. त्यापेक्षा आईची समजूत काढू. मी पाळकसाहेबांनाच बोलावतो घरी."

"त्यांचं समजूत काढून झालंय. तिने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं."

"मी काय स्वतःसाठी करतो का हे? देवाच्या घरात कोण कुठे बसतं याला महत्त्व नसतं."

"नसेल तर सोपं आहे."

तो परत छताकडे बघायला लागला. आईची एक बाजू लुळी पडणं एकीकडे, गादी दुसरीकडे, आणि माझ्या भावाला निवडायला वेळ लागत होता. मला राग यायला हवा होता. मी फक्त पाहत राहिले, टेबलावर एखादी नळी ठेवून ती गोठायची वाट पाहावी तसं.

स्वयंपाकघरातून वहिनींचा आवाज आला. "देऊन टाका हो त्यांना. त्या लाल खुर्चीत तुम्ही झोपताच. प्लॅस्टिकवर निदान जागे राहाल."

दादाने छतावरून नजर खाली आणली. मग म्हणाला, "पहिल्या रविवारपासून देतो."

आईने त्या संध्याकाळी कात्री शिवणाच्या डब्यात परत ठेवली. राहिलेल्या गोळ्या मी आणल्या आणि तिने त्या मुकाट्याने घेतल्या, फक्त पैसे माझ्या हातावर ठेवून. "पेन्शनीतून देतेय," म्हणाली. पेन्शन अजून आली नव्हती. पैसे तिने वहिनींकडून उसने घेतले होते.

पहिल्या रविवारी मी त्या हॉलमध्ये जाऊन बसले, मागे, भिंतीजवळ. पाकिटं गोळा झाली आणि पाळकसाहेब नावं वाचू लागले. दादाचं नाव आलं, पण ते आता दुसऱ्या, कमी रकमेच्या यादीत होतं, आणि तो प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पाठ ताठ करून बसला होता. मग आईचं नाव आलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्या मंडळीत रिवाज आहे की जो पहिल्यांदा स्वतःचं पाकीट देतो त्याला त्या दिवसापुरता लाल खुर्चीचा मान मिळतो, आणि त्याने दोन शब्द साक्ष द्यायची असते. आई पुढे गेली, खुर्ची हाताने दाबून पाहिली, बसली, आणि पाळकसाहेबांनी माइक तिच्यासमोर धरला.

ती लगेच बोलली नाही. माइक तिच्या छातीजवळ होता आणि सगळ्या हॉलभर टिकटिक ऐकू येऊ लागली. लोक वर, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहू लागले.

"माझंच मीटर आहे, घाबरू नका," आई म्हणाली. तोच एक्स्चेंजमधला आवाज, शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा. "मी देवाला माझ्या हृदयाच्या गोळ्या देत होते. दर पट्टीतली पहिली. त्याने त्या माझ्या मुलीच्या हातून परत पाठवल्या. निरोप असा आला की त्याचं हृदय ठणठणीत आहे."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यासारखं केलं.

"तो म्हणाला, बाई, चिठ्ठीवर तुझं नाव आहे ना, मग तूच घे. मला द्यायचे तर पैसे दे. ते कोणालाही लागू पडतात, चुकीच्या माणसाला दिले तरी फिट येत नाही."

आता हॉल उघड हसत होता. पाळकसाहेबांनीही हसू आणलं, कारण दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं. "आमेन, आजी," ते म्हणाले आणि माइक काढून घेतला.

हसणं संपलं की माणसं विचार करतात, किंवा निदान चाचपून पाहतात. उपासना सुटल्यावर मी पाहिलं तर बरणीभोवती गर्दी झाली होती. मंडळी आपापली गोळी परत शोधत होती.

"ती गुलाबी माझी."

"तुमची कशी? माझी गुलाबीच आहे, दाबाची."

"माझी जरा जास्त गुलाबी."

"तोंडात टाकून बघा, कडू असली तर माझी," एक गृहस्थ म्हणाले, आणि खरोखरच त्यांनी एक तुकडा फोडला.

मी फारसं बोलत नाही, पण तेव्हा मी गर्दीतून पुढे गेले, त्यांच्या बोटांतून ती गोळी घेतली, बरणीचं झाकण लावलं आणि बरणी उचलली. "यातली एकही कोणी घ्यायची नाही. मी प्रयोगशाळेत नेऊन नष्ट करते. आणि उद्यापासून सगळ्यांनी आपापल्या दहाच्या दहा घ्या." लोक बाजूला झाले. मी पांढरा कोट घातलेला नव्हता, पण आवाज बहुधा आईचा निघाला असावा.

पाळकसाहेब दारापर्यंत आले. बरणी रिकामी झाली की परत द्यावी, असं त्यांनी हळूच सांगितलं. मी धुऊन परत दिली. पुढच्या वेळी गेले तेव्हा तिच्या झाकणाला नाण्यांसाठी फट पाडलेली होती.

आईचा पुढचा आकडा महिन्याच्या सुरुवातीलाच दोन पॉइंट आठ आला. मी नेहमीचा नमुना लावून यंत्र तपासलं, नळीवरचं नाव परत वाचलं, आणि डॉक्टरांना फोन केला की डोस आहे तोच राहू द्या. मग दादाकडे कळवलं.

"बघितलंस?" दादा म्हणाला. "मी म्हटलं होतं, पोकळी देव भरतो. या रविवारी मी साक्ष देणार आहे."

त्याने दिली. आईच्या रक्ताची दुरुस्ती कशी झाली ते त्याने डोळे मिटून सांगितलं. त्यात उपवास होता, विश्वास होता, रात्ररात्र केलेली प्रार्थना होती. गोळ्यांचा उल्लेख नव्हता. लोकांचे डोळे पाणावले, आणि ज्याच्या घरी चमत्कार झाला त्यालाही त्या दिवसापुरता लाल खुर्चीचा मान असतो असं पाळकसाहेबांना आठवलं.

आई माझ्या शेजारी प्लॅस्टिकवर बसली होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"बसू दे," ती म्हणाली. "दमलाय. महिनाभर जागा होता." आणि तिने पर्समधून गोळी काढली, पाण्याशिवाय गिळली आणि पट्टी परत आत ठेवली. कोपरे चारही शाबूत होते.